सलोनीच्या होस्टेलचा कौल

लवूने देवाला अर्धीच गोष्ट सांगितली. दोन वर्षं झाली, तरी त्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. माणसं माणसांशी लपवाछपवी करतात, ते चालायचंच. पण रवळनाथासमोर हात जोडून, गुरवाला पुढे करून, आपल्याला हवं तेवढंच सांगायचं आणि वर ‘देवान सांगल्यान’ म्हणून घरी यायचं, हे मला अजून पचत नाही. मी रोज दुपारी जेवणं आटोपली की वहीत चार ओळी लिहिते. २००८ च्या जुलैतली ती पानं काल पुन्हा वाचली आणि वाटलं, सुगंधाची ही गोष्ट सलग लिहून ठेवावी. तिच्याबद्दल दुसरं कोणी लिहिणार नाही.

सुगंधा आमच्या वाडीच्या खालच्या टोकाला, समुद्राच्या अंगाला राहते. नवरा सत्यवान होडीवर जातो. ती किनाऱ्यावरच्या लिलावात मासळी घेते आणि पाटी डोक्यावर घेऊन दारोदार विकते. वीस वर्षं माझ्या मागच्या दारी येते. माझे सोमवार, संकष्टी, एकादशी, सगळे तिला पाठ. उपासाच्या दिवशी दारावरून जाताना ओरडते, “काकी, आज देवाचो दिस, आज तुमका वासय देवचंय नाय!” आणि हसत पुढे जाते. शाळा चौथीपर्यंत. पण लिलावात तिला फसवणारा अजून जन्मायचा आहे. सगळ्या बायका पाटीतला वरचा मासा बघून बोली लावतात. सुगंधा हात थेट तळाला घालते, खालचा मासा वर काढते, त्याचा कल्ला उघडून बघते आणि मगच तोंड उघडते. यावरून तिने कितीजणांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. तिला त्याचं काही नाही.

तिची मुलगी सलोनी. बारावीला जिल्ह्याच्या यादीत वर होती. घाटावर, कोल्हापूरच्याही पुढे, एका विद्यापीठात तिला इलेक्ट्रॉनिक्सच्या इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. फीचं शिष्यवृत्तीतून आणि बँकेतून जुळलं होतं, तो प्रश्न उरला नव्हता. प्रश्न आला तो पत्रासोबतच्या चकचकीत पुस्तकामुळे.

त्या पुस्तकात लिहिलं होतं की हुशार मुलांसाठी ‘ऑनर्स’ आहे. जास्तीचे विषय, पहिल्या वर्षापासून प्राध्यापकांबरोबर प्रकल्प. आणि होस्टेलमध्ये ‘निवासी अभ्यासगट’ आहे. एका विषयाच्या मुली एका माळ्यावर राहतात, संध्याकाळी एकत्र अभ्यास करतात, इमारतीतच एक शिक्षिका राहते. सोबत एक फॉर्म. सव्वीस जुलैपर्यंत सही करून पाठवायचा.

पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, ताजी मासळी नसते. सुगंधा सुका बांगडा विकून दुपारी मोकळी असायची. मायलेकी दोघी माझ्या मागच्या पडवीत येऊन बसल्या. मी जुन्या मॅट्रिकची, इंग्रजी तोडकंमोडकं. सलोनी वाचायची, मी शब्दकोशात बघायची, सुगंधा ऐकायची.

“ह्यो पोरी हसतत कित्या इतक्यो?” तिने फोटोवर बोट ठेवलं.

“फोटोक हसतत गो आये.”

“अभ्यास करताना कोण हसता? तू कधी हसलंस?”

सलोनीही हसली. मग गप्प झाली. ती मुलगी त्या दिवसांत फारच गप्प होती. तिच्याभोवती सगळे बोलत होते, म्हणून असेल.

शाळेतल्या सरांनी सांगितलं, ऑनर्स आणि होस्टेल दोन्ही घ्यायचं, शंकाच नको. फाटकावर लावायच्या फ्लेक्सचा मजकूरही त्यांनी तयार ठेवला होता. त्यात ‘ऑनर्स’ हा शब्द सलोनीच्या नावापेक्षा मोठा होता. मी विचारलं, “सर, झेपलं नाही तर?” ते म्हणाले, “ताई, नकारात्मक विचार करू नका.” मला त्यांचा राग आला. मुलगी आमची, चार वर्षं तिने काढायची, आणि नकारात्मक मी!

त्याच आठवड्यात लवू आला. हा सत्यवानाचा धाकटा भाऊ. त्याच विद्यापीठाच्या शहरात कारखान्यात नोकरीला. वडिलांच्या वर्षश्राद्धाला आठ दिवसांची रजा काढून आला होता. आल्या आल्या त्याने सांगून टाकलं, “होस्टेल कित्याक, ऑनर्स कित्याक? मी मेलंय काय? चेडू माझ्या घराकडे रवात.”

वाईट नव्हतं ते. मी खोटं लिहिणार नाही, मलाही क्षणभर बरं वाटलं. मुलीला काकाचं घर. पण श्राद्धाच्या दिवशी मी वाढायला मदत करत होते, तेव्हा पंगतीत तो सत्यवानाला सांगत होता ते माझ्या कानांनी ऐकलं.

“आमच्या हिचे दिवस भरत इलेत. सलोनी इली काय घराक हात लागतलो. सकाळी दोन डबे करून कालेजात गेली, सांजची येवन पोराक घेतला, काय जड आसा तेका? बसन तासाभराचा तर जावचा.”

माझ्या हातातली वडे वाढायची परात तिथेच खाली ठेवावीशी वाटली. वाटलं म्हणावं, अरे, पुतणी नेतोस की मोलकरीण? म्हटलं नाही. श्राद्धाचा दिवस, दुसऱ्याचं घर, मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा राग वेगळा आहे, तो माझ्यावरचा.

सुगंधाने मात्र चुलीजवळूनच सांगितलं, “भावजीनूं, चेडू शिकाक जाता हा.”

“शिकात ना! मी खंय नको म्हणतंय? वयनी, तू देवावर सोड. आयतवारी कौल लावया.”

आता देवाचं नाव घेतल्यावर कोण नाही म्हणेल? आमच्याकडे होडी बांधायची, लग्न जुळवायचं, दुखण्याला कुठल्या डॉक्टरकडे जायचं, सगळं देवाला विचारून. गुरव देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो. गाऱ्हाणं घालून प्रश्न सांगतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी या कौलावर विश्वास ठेवते. माझ्या धाकट्याच्या काविळीत मी तीन वेगळ्या गोष्टींसाठी तीन वेळा कौल घेतला आहे. म्हणूनच तर एवढी जळते.

रविवारी देवळात आम्ही बायका मागे उभ्या. लवूने गुरवाच्या कानात सांगितलं. गुरवाने मोठ्याने गाऱ्हाणं घातलं की ह्या घरातलं चेडू काकाचं घर असताना परमुलखात परक्या माणसांच्या हवाली करायचं आहे, ते करावं का, करायचं तर उजवी दे म्हाराजा. पुरुषांनी “व्हय म्हाराजा” म्हटलं. इमारतीत शिक्षिका राहते, हे नाही सांगितलं. माळ्यावर सगळ्या मुलीच असतात, हे नाही सांगितलं. दोन डब्यांचं आणि तान्ह्या पोराचं तर नाहीच नाही.

डावी पाकळी पडली.

सत्यवानाने कपाळ टेकलं. लवूने सलोनीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “झाला. देवान सांगल्यान. शनवारी माझ्यावांगडाच चल.” सलोनी पायांच्या नखांकडे बघत होती. सुगंधाने एक शब्द काढला नाही. मला तिचाही राग आला. एरवी बाजार डोक्यावर घेणारी बाई, आणि इथे तोंड शिवलं?

मंगळवारी सकाळी सत्यवान माझ्या दारात. “काकी, सुगंधा तुमका काय सांगान गेलीहा?”

“नाय रे. खंय गेली?”

“दोन दिस येवचंय नाय म्हणाली. पेज करून खावा म्हणाली. लाल गाडीत बसली.”

मी समजले. आणि रविवारपासून पहिल्यांदा नीट जेवले.

बुधवारी संध्याकाळच्या एसटीने ती आली ती थेट माझ्या पडवीत. पायांना चिखल, डोळे झोपेने लाल. सलोनी तिथेच होती. पाणी प्यायल्यावर म्हणाली, “बघून इलंय.”

“एकटी गेलंस? कोणाक इचारलंस?”

“थंय एक मॅडम होती. साडी कडक. तिना माका एक खोली दाखवल्यान. नवी चादर, टेबलार फुला. मी म्हटलंय, ही पाटयेतली वरची. आता खालची दाखव.”

“असा म्हटलंस तिका?”

“तसा नाय म्हटलंय. म्हटलंय, माका संडासाक जावचा आसा.” ती हसली. “तेच्यामुळे सगळो माळो बघूक मेळलो. संडास बरे आसत. पाणी आसा. रांदपाघरात गेलंय, डाळ खावन बघलंय. पाणचट. मगे गच्चीर गेलंय, थंय चेडवा कपडे वाळत घालीत होती. एक आमच्या खारेपाटणची निघाली. रिया. दुसऱ्या वर्साक आसा. ती माका बगून रडाक लागली, म्हणाली मावशे, तुझ्या लुगड्याक घरचो वास येता.”

त्या रियाने तिला जे सांगितलं, ते त्या चकचकीत पुस्तकात कुठेच नव्हतं. ऑनर्सच्या मुलींचा माळा वेगळा, वरचा. रिया पहिल्या वर्षी त्या माळ्यावर होती. दर परीक्षेला ठरलेले गुण टिकवावे लागतात. इंग्रजीतून सगळं, वर दोन विषय जास्तीचे. दुसऱ्या परीक्षेत ती घसरली. मग ऑनर्स गेलं आणि अर्ध्या वर्षात ट्रंक घेऊन माळाही सोडावा लागला.

“तिका इचारलंय, वायट कसला वाटला? इषय गेले तेचा? तर म्हणता, इषयांचा नाय वाटला मावशे. संगतीच्यो पोरी सुटल्यो. खाली इलंय तेव्हा खालच्यांची दोस्ती आधीच झालेली. चार म्हयने मी जेवक एकटी बसलंय.” सुगंधाने सलोनीकडे बघितलं. “आता तिचा बरा आसा. खालच्या गटात आसा, अभ्यासाक सगळी वांगडा बसतत. पण ते चार म्हयने ती इसरूक नाय.”

मी म्हटलं, “म्हणजे होस्टेल नकोच की गो.”

“आयका तर खरा. मगे मी हापिसात गेलंय. कारकुनाक म्हटलंय, साहेब, माझ्या चेडवाक ऑनर्स नको, पण पोरींत रवाक व्हया, तर काय करू? तेना फॉर्म पुढ्यात टाकल्यान. म्हणालो, बाई, दोन रकाने वेगळे आहेत. हवं ते घ्या. ऑनर्स पुढच्या वर्षीसुद्धा मिळतं, गुण असले तर.”

सलोनीने आत जाऊन माझ्या शब्दकोशात ठेवलेला फॉर्म आणला. खरंच, दोन वेगळे रकाने, वर ऑनर्स, खाली निवासी अभ्यासगट. आम्ही तो फॉर्म दहा वेळा वाचला होता. सरांनी वाचला होता, लवूने वाचला होता. सगळ्यांनी सहीच्या जागेकडे बघितलं. दोन्ही एकच समजून सर दोन्ही घ्या म्हणाले आणि लवू दोन्ही नको म्हणाला. मला स्वतःच्या मॅट्रिकची लाज वाटली. चौथी शिकलेली बाई जाऊन-येऊन बारा तासांची एसटी खाऊन ते बघून आली.

सुगंधा मुलीकडे वळली. “आता तू बोल. सगळी बोलली, तू काय बोलूक नाय. तुका काय व्हया?”

“तुमी ठरवशात ता.”

“थोबाडीत मारीन! थंय मी रवाक जातंय काय?”

मग सलोनी बोलली. हळू, पण एका दमात. “माका इंग्रजी बोलूक येना नाय आये. पयल्याच वर्साक ऑनर्स घेतलंय आणि भायर काढल्यानी तर मी परत उठाचंय नाय, माका ठावक आसा. पण काकाच्या घराकडे गेलंय तर अभ्यासच जावचो नाय. काकीचा बाळंतपण होवक व्हया, ता माका कळता. पण ता माझ्यार कित्या? माका पोरींत रवाचा आसा. येकमेकींक इचारून अभ्यास करूचो आसा. ऑनर्सचा मगे बघीन.”

एवढं स्पष्ट त्या मुलीच्या पोटात होतं, आणि दोन आठवड्यांत आम्ही कोणी तिला विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी शब्दकोश बघत बसले होते.

सगळं ठरलं असतं, पण सत्यवान दारात उभा होता. कधी आला कळलं नाही. म्हणाला, “आणि देवान नको म्हटल्यान ता?”

 त्याचा राग करायचं माझ्याच्याने झालं नाही. नारळी पुनवेला त्याला होडी पाण्यात घालायची होती. कौल मोडून दर्यात जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. तो म्हणाला, “माका काय झाला तर लोक म्हणतले, चेडवापायी गेलो.”

“परत कौल लावया मगे,” सलोनी म्हणाली.

“येकच गोष्ट दोनदा इचारूक देव काय शाळेतलो पोर आसा?” सत्यवान खवळला. ते खरं होतं. एकदा विचारलेलं पुन्हा विचारत नाहीत.

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, आणि ते रविवारीच निघायला हवं होतं. “सत्यवान, देवाक अर्धाच सांगलेला आसा. तू पंगतीत बसलेलंस, लवू काय बोललो ता तू आयकलंस. ता देवळात सांगल्यान? उरलेला सांगूक कौल कित्याक व्हयो? गाऱ्हाणा घालूक कोणाची बंदी आसा?”

तो पडवीच्या पायरीवर येऊन बसला. मग म्हणाला, “शुक्रवारी जावया. पण मी बोलूचंय नाय.”

“तुमी नको,” सुगंधा म्हणाली. “मी बोलतलंय.”

शुक्रवारी देवळात दहा-बारा माणसं होती. लवूही आला, हसत. गुरव म्हणाला, “बाईलमाणसान गाऱ्हाणा घातलेला मी आयकाक नाय.”

सुगंधा म्हणाली, “आज आयका.”

आणि पदर खोचून, लिलावात बोली लावते त्याच आवाजात तिने सुरुवात केली. त्याच दुपारी मी ते जसंच्या तसं उतरवून ठेवलं आहे.

“बा देवा रवळनाथा म्हाराजा! आयतवारी तुझ्या म्होरे माझ्या चेडवाची गोष्ट इली, ती अर्धी इली. उरलेली मी सांगतंय, आयकान घे. मी चेडू परक्याक देत नाय. थंय येका माळ्यार येका इषयाची वीस चेडवा रवतत. खाली मास्तरीण रवता, आपल्या पोरांक घेवन. साताक दार बंद जाता. डाळ पाणचट आसा, ता मी खावन बघलंय, तेना कोण मरना नाय. भावजींच्या घराक मी वायट म्हणनंय नाय. पण थंय गेला तर चेडू सकाळी चुलीकडे आणि सांजचा पाळण्याकडे...”

“वयनी!” लवू पुढे आला. “घरातला देवळात कित्या काढतंस?”

“तुमी काढलास भावजीनूं, अर्धा. मी उरलेला काढतंय.” तिने मानही वळवली नाही. “तर म्हाराजा, तू सगळा आयकलंस. चेडवाक मी थंय धाडतंय. तेच्या पाठी रव. तेची अक्कल जाग्यार ठेव, शरीर बरा ठेव. तेच्या बापाशीक दर्यात सांभाळ. जो काय दोष आसात तो माझ्या माथ्यार घाल, तेंच्यार नको रे म्हाराजा!”

आता जमलेल्यांनी “व्हय म्हाराजा” म्हणायचं असतं. त्याशिवाय गाऱ्हाणं देवापर्यंत पोचलं असं कोणी मानत नाही. कोणी म्हणेना. पुरुष लवूकडे बघत होते, लवू सत्यवानाकडे, सत्यवान देवाकडे. 

“व्हय म्हाराजा!” मी म्हटलं. माझाच आवाज मला किरटा वाटला. मग गुरवाने म्हटलं, खालच्या स्वरात. मग आणखी दोघा-तिघांनी. सत्यवानाने सगळ्यात शेवटी म्हटलं, पण म्हटलं.

गुरव पाकळ्या भिजवू लागला. “कौल लावू?”

“नको,” सुगंधा म्हणाली. “मी इचारूक नाय इलंय. सांगूक इलंय.”

फॉर्म त्याच दुपारी माझ्या पडवीत भरला. सलोनीने खालच्या रकान्यात खूण केली, वरचा मोकळा सोडला. शनिवारी लवू एकटाच परत गेला, आणि सोमवारी सुगंधाने स्वतः जाऊन मुलीला होस्टेलवर पोचवलं. शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागला नाही. सर म्हणाले, “साध्या प्रवेशाचा कसा लावणार?” नका लावू!

त्या हंगामात सत्यवानाचं जाळं दुसऱ्याच फेरीला खडकावर फाटलं. कौलाचं नाव कोणी काढलं नाही, दोघं तीन दिवस बसून जाळं विणत होती. सलोनी पहिलं वर्ष पास झाली, इंग्रजीत जेमतेम, बाकी चांगली. दुसऱ्या वर्षी तिने ऑनर्ससाठी अर्ज केला, तेव्हा त्यांनी घेतलं नाही. ती रडली, मग तिच्या माळ्यावरच्या मुलींनी तिला जेवायला नेलं. आता तिसऱ्या वर्षात आहे.

लवूच्या बायकोचं बाळंतपण तिच्या आईने येऊन केलं. सगळं सुखरूप झालं, म्हणजे तिला आई होती, त्या आईला आधीच विचारता आलं असतं, पण पुतणी बिनबोभाट मिळत होती.  संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावताना मी सगळ्यांचं बरं कर म्हणते. त्या सगळ्यांत लवू येतो, देवाला ते कळतं. नाव घेऊन मी मागत नाही. श्राद्धाला आला की माझ्या घरीही येतो, काकी, कशी आसास म्हणतो. मी चहा देते. सोबत बिस्किट देत नाही.